फुलवंता, मारणारा थकतो का?

फुलवंता, माझा वरचा पुढचा दात खोटा आहे हे माझ्या नातवंडांना माहीत आहे. शाळेत असताना ती दोघं मला तो काढून दाखवायला सांगायची आणि मी कधी दाखवला नाही. तो कसा पडला हेही मी त्यांना खरं सांगितलं नव्हतं. बाथरूममध्ये घसरले, असं सांगितलं होतं. तो तू पाडलास. रॅकेटनं, आपली ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला.

तू जाऊन आज सोळा दिवस झाले. त्याच्या आदल्या दिवशी माझ्या नातीचा, ईराचा मेसेज आला होता. ती तिकडे मेलबर्नला विद्यापीठाच्या संघातून बॅडमिंटन खेळते. तिचे व्हिडिओ तू माझ्या फोनवर पाहायचीस आणि "पोरगी लई सभ्य खेळते" असं नाक मुरडून म्हणायचीस. तिनं विचारलं होतं, "आजी, खूप मागे पडल्यावर डोकं ठिकाणावर कसं ठेवायचं? सहा–अठरा झालं की माझे हात माझे राहत नाहीत." मी सवयीप्रमाणे कागद घेतला, समास आखला आणि मुद्दे घातले. श्वास. फलकाकडे पाहू नये. एका वेळी एकच गुण. पुढचं तुला विचारून लिहावं म्हणून कागद टेबलावर पुस्तकाखाली ठेवला. सकाळी तू उठली नाहीस.

तो कागद मी फाडला. आता हे तुलाच लिहिते आहे. ईरा आणि तिचा भाऊ अर्णव माझ्या खांद्यावरून वाचतील, वाचू देत. त्यातलं बरंचसं त्यांना जड जाईल. मी आयुष्यभर मुलींना इंग्रजी शिकवलं, शेवटी मुख्याध्यापिका झाले, वह्यांना कव्हरं घालायला लावली, वर्गात कोणावर हात उचलला नाही. त्यांना माहीत असलेली आजी एवढीच आहे.

आपली ओळख झाली तेव्हा तू आमचा भंडाऱ्याचा बॅडमिंटनचा हॉल झाडायचीस. सकाळी सहा ते सात ही आम्हा बायकांची वेळ होती. माझी जोडीदार गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेली होती आणि आम्ही तिघीच उरलो होतो. तू झाडू भिंतीला टेकवलास आणि म्हणालीस, "एक बाई कमी हाये तं मी उभी रायतो." तुमच्या भागातल्या बायका स्वतःबद्दल असंच, पुरुषासारखं 'रायतो' म्हणून बोलतात. माझ्या विद्यार्थिनींच्या मराठीच्या वह्यांत मी हे कितीतरी वर्षं लाल शाईनं खोडलं. तुला मात्र म्हटलं, उभी राहा.

तू पदर खोचलास, चपला काढल्यास आणि माझ्या मागे आलीस. शटल माझ्या डोक्यावरून चाललं होतं. ते माझं होतं. मी दोन पावलं मागे सरकले, तू दोन पावलं पुढे आलीस आणि तुझा हात फिरला. सानगडीच्या तलावावर बापाबरोबर जाळं फेकून तयार झालेला खांदा होता तो. रॅकेटची कड माझ्या तोंडावर बसली. आधी आवाज ऐकू आला, मग दुखलं. रक्त हनुवटीवरून पांढऱ्या रेषेवर टपकलं. बाकीच्या दोघी किंचाळल्या. तू खाली बसून दात शोधलास, पदरानं पुसलास आणि माझ्या हातावर ठेवलास.

"मॅडम, तुमी मांग काहून आल्या?"

"शटल माझं होतं," मी तोंडातल्या रक्तासकट म्हणाले.

"तं मंग मारा लागत होतं. तुमी त्याले पाहून राहिल्या होत्या."

माफी तू कधी मागितली नाहीस. दुसऱ्या दिवशी मी सुजलेलं तोंड घेऊन आले तेव्हा तू आधीच कोर्टवर उभी होतीस. मी तुझ्या पुढे जाऊन उभी राहिले. मला वाटतं आपली मैत्री तिथेच ठरली.

संध्याकाळी तू बाजारात मासळी विकायचीस. मी शाकाहारी, तरी तुझ्यापाशी पोतं अंथरून बसायला लागले होते. मरळ टोपलीत मेल्यासारखी पडून राहते आणि गिऱ्हाईक वाकलं की उसळते. तू तिला शेपटीजवळ धरून दगडावर ठेवायचीस आणि लाकडी दांडकं डोक्यावर घालायचीस, एकदाच. "दोनदा माराले लागते त्या बाईले मासा समजत नाई," असं तू म्हणायचीस. माझी नजर दांडक्यावर असायची आणि तुझी माशाच्या डोळ्यावर. तुला मूल नव्हतं. नवरा होता, किसन. तो नदीवर जायचा आणि जमेल तेव्हा मासे आणायचा. तुझ्या दंडावर निळे डाग दिसले तेव्हा मी विचारलं होतं. "शटल लागलं," म्हणालीस. शटलनं बोटभर लांबीचा डाग पडत नाही हे मला कळत होतं. मी तुझं उत्तर मान्य केलं, कारण ते सोयीचं होतं.

मग तो सामना. पन्नाशीच्या वरच्या बायकांची जिल्ह्याची दुहेरी, अंतिम फेरी, आपल्याच हॉलमध्ये. समोर तुमसरच्या दोघी बहिणी होत्या, एकसारखे निळे टी-शर्ट घातलेल्या. तिसऱ्या गेममध्ये आपण सहा–सतरा मागे होतो. त्या दोघी आपल्याला ठोकत होत्या, दुसरा शब्द नाही. एक शटल तुझ्या डोळ्याखाली लागलं आणि तिथली कातडी फाटली. एक माझ्या गळ्यावर बसलं आणि मला क्षणभर श्वास घेता आला नाही. माझ्यातली मुख्याध्यापिका चिडली होती. एखाद्याचा गळा दाबावा तशी मी रॅकेटची मूठ धरली होती आणि प्रत्येक शटल त्या मोठ्या बहिणीच्या तोंडावर मारायचा प्रयत्न करत होते. चार वेळा लागोपाठ ते जाळीत गेलं. ईरा, हात आपले राहत नाहीत म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजलं. ते जायचे तिथेच जातात, पण सूड घ्यायला जातात.

तू बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं खाली बसलीस आणि मला जवळ बोलावलंस.

"मॅडम, जाळं पान्यात खुंटाले अडकलं तं तुमी काय करान?"

"ओढेन."

"म्हनूनच फाटते. वढू नये. सैल सोडावं आन दुसऱ्या अंगानं जावं. तुमी सतरा वेळा वढलं."

"मग आता करायचं काय?"

"काई नाई. वर उडवून द्या. जितकं वर जाईन तितकं, पार मांगच्या रेषेवर. त्यायले मारू द्या. मारनारा थकते."

पंच ओरडले. तू उठलीस. डोळ्याखालचं रक्त तू पुसलं नाहीस, ते ओठापर्यंत आलं होतं.

मग आपण मार खाल्ला. दुसरं वर्णन मला येत नाही. त्या मारत होत्या आणि आपण उचलत होतो. शटल छताच्या पत्र्याजवळ जायचं, त्यांच्या मागच्या रेषेवर उतरायचं, आणि तिथून त्या पुन्हा सगळ्या ताकदीनं मारायच्या. मांडीला, पोटाला, एकदा माझ्या छातीवर. प्रत्येक वेळी तू मागून फक्त "हूं" म्हणायचीस, बैलाला म्हणतात तसं. नऊ–सतरा झालं. मग बारा–अठरा. मोठीचा हात खाली यायला लागला आणि तिचे फटके जाळीत जाऊ लागले. मग ती धाकटीवर खेकसली, "तू नुसती उभी राहतेस का?" धाकटीनं रॅकेट जमिनीवर आपटली. मला आनंद झाला, हे मी कबूल करते. दोन सख्ख्या बहिणी एकमेकींवर उलटल्या आणि मला तो आवाज गोड लागला. सतरा–वीसवर त्यांना तीनदा सामना संपवता आला असता. तिन्ही वेळा तू शटल उचललंस. आपण बावीस–वीस जिंकलो.

एका गोष्टीबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मागे असणं हे पडणं नसतं. ती उभं राहायची एक जागा असते, हे मला इंग्रजी पुस्तकांनी नाही, तू दाखवलंस. पासष्टाव्या वर्षी.

बक्षीस समारंभात संयोजकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी निवृत्त मुख्याध्यापिका, मला दोन शब्द नेहमीच येतात. पहिल्या रांगेत किसन बसला होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मांडीवर हात ठेवून. मी म्हणाले, "फुलवंताबाईंनी आज मला शिकवलं, मारणारा थकतो. सहन करणारा जिंकतो."

पहिलं वाक्य तुझं होतं. दुसरं माझं. पहिल्याला तोल यावा म्हणून मी ते जोडलं.

टाळ्या पडल्या. सगळ्यात जास्त वेळ किसन वाजवत होता. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मला वाटलं, लाजलीस.

नऊ दिवस तू आली नाहीस. दहाव्या दिवशी आलीस तेव्हा उजवा हात कोपरापासून पंजापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि एक कान जांभळा होता. मी "अगं, काय झालं" म्हणत पुढे आले. तू डाव्या हातानं माझ्या छातीवर असा धक्का दिलास की मी बाकावर आदळले. हॉलमध्ये तेव्हा आपण दोघीच होतो.

"घरी गेल्या गेल्या सुरू झाला थो," तू म्हणालीस. "म्हने, तुह्या मॅडमनं सांगतलं ना, मारनारा थकते. चाल, आज पाहू कोन थकते. पाट्यावर हात ठेवला माहा आन वरवंटा घेतला."

मी बाकाची कड धरली.

"तुमाले कोनं सांगतलं होतं त्याच्यासमोर बोलाले? आन मी सहन करतो म्हून कोनं सांगतलं?"

"फुलवंता, मला वाटलं, तुझं ते धैर्य..."

"कायचं धैर्य? मॅडम, कोर्टाले रेषा रायते. शटल भायेर गेलं तं पंच आउट म्हनते. एकवीस झाले का खेळ सरते. माह्या घरात रेषा कुठं हाये? एकवीस कोन मोजते? तिथं मारनारा थकत नाई. जेवते, झोपते, आन ताजा होऊन येते."

"मग इतकी वर्षं तिथे काहून राहिलीस?" मी विचारलं. तुझा शब्द माझ्या तोंडात कधी आला मला कळलं नाही.

तू माझ्याकडे असं पाहिलंस की दात पडला तेव्हाही तेवढं लागलं नव्हतं. "जाऊ कुठं? माय मेली, बाप मेला. सानगडीचं घर भाऊबंदायच्या ताब्यात हाये. तुमाले वाटते मी मन घट्ट करून राहिली. मले जागा नोती, मॅडम. बस."

आपण दोन वर्षं जोडीनं खेळलो होतो. तुझ्या डोक्यातला एकेक फटका मला आधी कळायचा. आणि माझ्या घरामागची खोली तेवढी वर्षं रिकामी होती, तिच्यात मुलाची जुनी पुस्तकं आणि मोडका कूलर पडला होता. तुझ्या मनाच्या ताकदीवर मी भाषण केलं, ती खोली मात्र उघडली नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत मी ती धुऊन काढली आणि किल्ली तुझ्या डाव्या हातात दिली.

पुढचं नातवंडांना मी कधीच सांगितलेलं नाही.

प्लास्टर काढून महिना झाला होता. सकाळी आपण दोघी हॉलमध्ये जाळी बांधत होतो, बाकीच्या यायच्या होत्या. किसन बांबूची काठी घेऊन आत आला. पहिला फटका त्यानं माझ्या खांद्यावर मारला. "मास्तरीन, बायको चोरतंस माही?" मी जाळीच्या खांबावर पडले. मग त्यानं तुझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि ओढायला लागला. मला वाटलं, आता तू मागे ओढशील. तू त्याच्याच दिशेनं गेलीस, सरळ, दोन मोठ्या पावलांत, त्याच्या छातीवर. ओढणारा माणूस आपल्याच जोरानं मागे गेला आणि उताणा पडला. काठी सुटली.

खाली पडलेली रॅकेट तुझ्या हाताला लागली. तू त्याला सात वेळा मारलंस. मी मोजले. पहिला मनगटावर, वेणी सुटेपर्यंत दुसरा आणि तिसरा तिथेच. चौथा गुडघ्यावर. नंतरच्यांची जागा मी पाहिली नाही, कारण मी उठले होते. त्याचा दुसरा हात काठीकडे सरपटत होता. मी माझा बूट त्या बोटांवर ठेवला आणि सगळं वजन टाकलं. बोट मोडल्याचा आवाज बुटातून पायाला कळतो. मी पाय काढला नाही. तो रडायला लागला तरी काढला नाही. तू "बस, मॅडम" म्हणालीस तेव्हा काढला.

ईरा, अर्णव, मला त्याचा पश्चात्ताप झाला असं लिहावं असं वाटत होतं. दोनदा लिहून खोडलं.

"उठ," तू त्याला म्हणालीस. रॅकेटची कड मोडून तारांवर लोंबत होती. "आता कोर्टाच्या भायेर जाय. पुन्हा पाय ठेवला तं मी मोजनार नाई."

मी पोलिसांकडे तक्रारअर्ज लिहिला, तीन प्रतींत, तारीखवार. तो पुन्हा आला नाही.

त्यानंतर चार वर्षं. तू मागच्या खोलीत, मी पुढच्या घरात. पहाटे तू दार वाजवायचीस आणि मी तयार नसले तर मला भरपूर ऐकवायचीस. तुला घराच्या आत बूट चालायचे नाहीत, मला तुझ्या मासळीचा वास चालायचा नाही. यावरून आपण भांडायचो, आणि त्या भांडणात मला केवढा आराम असायचा. मोठ्या आवाजात बोलणारी बाई आणि तरीही कोणाचा हात वर जात नाही.

एक भांडण मात्र मिटलं नाही. मी म्हणायचे, कोर्टवरची आणि घरातली गोष्ट शेवटी एकच आहे. मागे असताना डोकं शाबूत ठेवणं, संधीची वाट पाहणं. तू त्याच्या छातीवर चालून गेलीस ती सहा–सतराचीच युक्ती होती. तू मान हलवायचीस.

"नाई. थो थकला नाई, मॅडम. त्याले मी थांबवलं. आन माह्या मांगं खोली होती म्हून थांबवलं. खोली नसती तं मी त्याच दिवशी त्याच्यासंग घरी गेली असती."

"पण मन..."

"मनाचं लई बोलता तुमी. पोरायले असं नका सांगू. त्यायले वाटन, मार खाऊन रायलं का जिंकते."

मी हार मानली नाही. तूही नाही. हा वाद तू गेलीस त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत चालू होता. ईराचा मेसेज तुला वाचून दाखवायचा आणि पुन्हा एकदा तावातावानं बोलायचं असं मी ठरवलं होतं, पण तुला झोप येत होती. "उद्या," म्हणालीस. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, झोपेतच.

बाजारातल्या बायकांनी निरोप दिला असेल. त्या सकाळी नऊच्या आत किसन माझ्या अंगणात येऊन उभा होता, त्याच्यासोबत त्याच्या गावाहून, सिहोऱ्याहून आलेले त्याच्या घरचे पंधराएक पुरुष आणि चारपाच बायका. त्याच्या हातात हिरवी साडी होती, बांगड्या होत्या, कुंकवाचा करंडा होता. त्यांच्यातले सगळ्यात वयस्क गृहस्थ पुढे आले. ते सभ्यपणे बोलत होते.

"बाई, नवरा जित्ता असताना बाई गेली. अहेव मरन आलं, नशीब काढलं तिनं. हिरवी साडी नेसवू, नवऱ्याच्या हातचं कुंकू लावू आन नेऊ. तुमी केलं थे लई केलं. आता आमची बाई आमाले द्या."

दारात मी होते, माझ्यामागे शेजारच्या दोन बायका. मागे तू जमिनीवर चटईवर होतीस. किसनची दोन बोटं अजून वाकडीच आहेत, हे मला तेव्हा दिसलं. त्याच्या हातचं कुंकू तुझ्या कपाळाला लागणार, आणि मग हे चार वर्षांचं सगळं कोणाच्याही लेखी झालंच नाही असं होणार. नवरा-बायकोचं थोडं बिनसलं होतं, शेवटी त्याच्याच हातून गेली. पुढे हेच सांगितलं जाणार.

मी आत फाइल आणायला वळले. तक्रारीची प्रत, डॉक्टरांचा कागद, सगळं क्रमानं लावलेलं आहे. कपाटाशी पोहोचले आणि थांबले. अंगणात पंधरा पुरुष आहेत आणि मी त्यांना परिच्छेद वाचून दाखवणार. ते ऐकून घेतील आणि मग तुला उचलतील. मी कपाट लावलं आणि दारात परत आले.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "नेसवा साडी. पण आधी आंघोळ. ती तुमच्या घरच्या बायकांनीच घालायला हवी. या आत."

माझ्या शेजारणींनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी तुला विकलं. मी दारातून बाजूला झाले.

किसनची थोरली बहीण पार्वताबाई आत आल्या, सत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या, सोबत त्यांची सून. साडी त्यांनी किसनकडून घेतली होती. ती त्यांनी खुंटीला अडकवली. दार लावून घेतलं. मी गरम पाणी आणलं, हळद आणली. आम्ही तिघींनी तुझे कपडे काढले.

मी काही बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच, मला वाटतं.

पार्वताबाईंनी उजव्या हातावर पाणी घातलं आणि मनगटाशी त्यांचा हात थांबला. हाड जिथे वेडंवाकडं जुळलं होतं ते त्यांनी अंगठ्यानं चाचपलं. मग खांदा. मग आम्ही तुला कुशीवर वळवलं आणि सून मागे सरकली. पाठीवर कमरेपर्यंत भाजल्याचे चट्टे होते, काही पांढरे, काही तपकिरी, चिमट्याच्या रुंदीचे, दोन-दोन जोडीनं. मी स्वतः ते कधी पाहिले नव्हते. चार वर्षं एका अंगणात राहून.

"हे कायचं?" त्यांनी मनगटाकडे बोट केलं.

"वरवंट्याचं."

"आन हे?"

"ते मला माहीत नाही."

त्यांनी एकेक चट्टा धुतला. खूप वेळ लागला. बाहेरून कोणीतरी दोनदा हाक मारली. पार्वताबाईंनी हात पुसले, खुंटीवरची साडी काढली आणि दार उघडलं.

"किसन, इकडं ये."

तो आला.

"हे घे. घरी ने."

"काहून?"

त्या वयस्क गृहस्थांनी घसा साफ केला. "पार्वता, रीतभात हाये काही. बायकायनं मधात..."

"मी आंघोळ घातली तिले. तुमी घातली का?" पार्वताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "किसन, तुही बायको हाये ना ते?"

"हाये तं."

"मंग सांग, तिच्या पाठीवर काय हाये."

अंगणात सगळे ऐकत होते. किसननं साडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"सांग ना. नवरा हायेस तू. तुले माहीत असन. किती हायेत?"

त्या तशाच उभ्या राहिल्या, उंबऱ्यावर, वाकलेल्या कमरेनं वर पाहत, जेवढा वेळ लागेल तेवढा. हळूहळू त्याच्या शेजारचा पुरुष एक पाऊल बाजूला झाला. मग आणखी एक. शेवटी किसनच्या आजूबाजूला कोणी नव्हतं. तो साडी आणि करंडा घेऊन फाटकाबाहेर गेला.

तुझ्या पेटीतली पिवळी साडी आम्ही तुला नेसवली. मग पार्वताबाईंनी माझ्या देव्हाऱ्यातलं कुंकू मागितलं आणि बोट बुडवून माझ्याकडे पाहिलं. "लावू का, बाई? तिले पाहिजे होतं का नोतं?"

मला माहीत नव्हतं. ही चार वर्षं तू रोज सकाळी छोटंसं कुंकू लावायचीस. कोणासाठी, कशासाठी, सवयीनं की जिद्दीनं, ते मी कधी विचारलं नाही. आता उत्तर देणं म्हणजे पुन्हा तुझ्या वाक्याला माझं वाक्य जोडणं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

त्यांनी बोट पदराला पुसलं. तुझ्या कपाळावर आदल्या दिवशीचं कुंकू होतं, उशीला घासून एका बाजूनं पुसट झालेलं. आंघोळ घालताना आमच्यापैकी कोणीच तिथे पाणी घातलं नव्हतं. पार्वताबाईंनी वाकून ते पाहिलं.

"हे तिच्याच हातचं हाये," त्या म्हणाल्या, आणि तसंच राहू दिलं.